पाव वळसा

सिन्योरा दोमेनिकाने ते टेबलावर ठेवलं,
कांद्यांच्या पिशवीतून काढून, पिठाळ फडक्यात गुंडाळलेलं.
"घोडा चढत नाही आता," म्हणाली
आणि उजवा अंगठा पुढे केला
एखादा निकामी सुटा भाग दाखवावा तसा.

वय चौऱ्याहत्तर. फेब्रुवारीत झटका येऊन गेला,
ओठाचा उजवा कोपरा अजून जरा उतरलेला.
तरी रविवार चुकत नाही:
मेल्ला नदीच्या वरच्या अंगाला, क्लबच्या मैदानात,
पंचवीस मीटरवर तेरा गोळ्या.
तेरा झाडायच्या, दहा मोजायच्या.

मी सहाही कप्पे उजेडासमोर धरले. रिकामे.
तरी पुन्हा पाहिले.
ही सवय बापाची; बाकी त्याने मागे फारसं ठेवलं नाही.

अस्सल नव्हेच हे. अस्सल समुद्रापलीकडचं,
दुसऱ्याच लोकांच्या भांडणातलं.
आमच्या खोऱ्यात त्याची नक्कल घडते.
एकतीस वर्षं मी कारखान्यात मुठी बसवल्या,
हिच्यावरूनही कदाचित माझाच हात फिरला असेल,
ओळख पटत नाही.
पण नक्कल आहोत हे लोखंडाला कुठे ठाऊक?
स्प्रिंग खरीच असते.

मूठ उघडली. अक्रोडाच्या दोन फाका अलग झाल्या.
आत ती कमानदार पट्टी, करंगळीएवढी रुंद,
दात-ओठ खाऊन उभी.
आणि मुठीच्या पुढच्या कडेतून शिरलेला एक बारका स्क्रू
तिच्या पोटात रुतलेला.
आवळला की ताण चढतो, सैल केला की उतरतो.
एवढंच.

आधी कानस. लांबीच्याच दिशेने,
केसांतून फणी फिरवावी तशी;
आडवा एक ओरखडा राहिला तर स्प्रिंग तिथूनच तुटते,
कधीतरी, थंडीत, काही न सांगता.
मग तेलातला पॉलिशपेपर.
मग स्क्रू: अर्धा वळसा सैल.
आणखी अर्धा.
घोडा लोण्यासारखा चढला माझ्या अंगठ्याखाली.
मला बरं वाटलं,
उपकार केल्यावर वाटतं तसलं बरं.

रविवारी सोबत गेलो.
पहिली टोपी: टक्.
घोडा पडला, आवाज नाही, धूर नाही.
तिने तसाच हात धरून ठेवला, मनात तीस मोजले,
पुन्हा चढवला, पुन्हा पाडला, तेव्हा कुठे बार.
तिसऱ्या गोळीला निपलमधून उलटा झोत आला,
घोडा मागे उडाला,
टोपीची फुटकी पाकळी आतल्या फटीत घसरली
आणि कप्प्यांचं चाक जागीच अडलं.

तिने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं, तोंड निशाण्याकडे.
कानांवरचे डबे काढले.
"तू ते माझ्यासाठी सैल केलंस,
की माझ्याकडे बघून?"

गंधकाचा वास. शेजारच्या लेनमधला एर्मेनेजिल्दो
उगाच आपली बारुदाची कुपी पुसत बसला.
मला खरं तर सांगायचं होतं की
स्प्रिंग आणि अंगठा यांच्यात पडणारा माणूस
नेहमी एकाची बाजू घेतो.
नाही सांगितलं.

उरलेल्या गोळ्या सुरक्षित काढल्या, पाकळी चिमट्याने उपसली.
बाकावर स्क्रू परत आवळला.
अर्धा वळसा. टोपी दोनदा फुटली, एकदा नाही.
आणखी पाव. आता दहाच्या दहा.

"जड आहे," ती म्हणाली.
"हो."
"चालेल."
तिने हात खाली घेतला, डाव्या तळव्याने घोडा मागे ओढला,
जिना चढणाऱ्याने कठड्याला धरावं तसा,
आणि मग एकाच हाताने, सरळ, नेमासारखी.

संध्याकाळी पैसे द्यायला आली.
राहू दे म्हटलं.
"पावती लिही."
लिहिली: स्प्रिंग घासली.
ताण, पाव वळसा कमी.
तिने चष्मा चढवून वाचली,
डाव्या हाताने नाणी एकेक मोजून ठेवली,
आणि कांद्यांची पिशवी
विसरली, किंवा ठेवून गेली.